नऊ व्हिडिओ, साक्षीदार एकच

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत, तरुण मुले इतिहास आता पुस्तकांपेक्षा यूट्यूबवरील वाहिन्यांवरून अधिक शिकतात, या विषयावरचा लेख वाचला. लेखाचा सूर कौतुकाचा होता आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, कारण आमच्या घरातही तेच चालले आहे. तक्रार आहे ती लेखाशेजारी दिलेल्या चौकटीबद्दल. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या चौपट मोठा असून त्याचे क्षेत्रफळ ३,०४,९२,००० चौरस फूट आहे आणि बकिंगहॅमचे अवघे ८,२८,८२१ चौरस फूट, असे त्या चौकटीत छापले होते. मी बडोद्यात, दांडिया बाजारात जन्मलो आणि वाढलो. त्या राजवाड्याचा अभिमान मला कोणापेक्षाही कमी नाही. परंतु माझी सारी नोकरी नकाशे काढण्यात, म्हणजे एकर, गुंठे आणि चौरस फूट यांच्या हिशेबात गेली, त्यामुळे जमिनीचा मोठा आकडा दिसला की त्याला आधी ४३,५६० ने भागून पाहायचे, ही खोड हाताला जडलेली आहे. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. मी भागाकार केला आणि उत्तर आले बरोबर ७००. बाकी शून्य.

इमारतीचे क्षेत्रफळ असे कधीच येत नाही. ज्याने आयुष्यात एकदा तरी एखाद्या वाड्याचे मोजमाप घेतले आहे त्याला ठाऊक असते की भिंतींची जाडी, सज्जे, जिने, पडव्या हे सर्व धरता-वगळता शेवटी काहीतरी अडनिडा आकडाच हाती लागतो. बरोबर सातशे एकर हे माप इमारतीचे नव्हे, आवाराचे आहे. राजवाड्याचे मूळ आवार सातशे एकरांचे होते असे सांगतात. कोणीतरी त्या सातशेला ४३,५६० ने गुणले आणि गुणाकार राजवाड्याच्या नावावर टाकला. बकिंगहॅमचा आकडा मात्र तेथील ७७,००० चौरस मीटर मजल्यांचे चौरस फुटांत केलेले रूपांतर आहे. म्हणजे एका पारड्यात मोतीबाग, गोल्फचे मैदान, क्रिकेटचे मैदान आणि त्यांवर चरणारे मोर घातले आणि दुसऱ्या पारड्यात ७७५ खोल्यांच्या फरश्या. एवढे करूनही हिशेब जुळत नाही तो नाहीच, कारण हे दोन आकडे एकमेकांनी भागले तर उत्तर चार येत नसून सदतिसाच्या जवळपास येते. वाक्याचा पूर्वार्ध उत्तरार्धाला खोटा पाडतो आहे, आणि ते वाक्य लिहिणाऱ्याने, वाचून दाखवणाऱ्याने किंवा छापणाऱ्याने एकदाही भागाकार करून पाहिलेला नाही.

आमचा नातू नववीत आहे. त्याच संध्याकाळी त्याने मोबाईलवर शोधून मला या राजवाड्यावरचे नऊ व्हिडिओ दाखवले. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चारही भाषांतले ते होते आणि सगळ्यांत हाच आकडा, शेवटच्या शून्यापर्यंत. मी माझा भागाकार त्याच्यापुढे ठेवला तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "पण आजोबा, नऊ जण सांगतायत म्हणजे काहीतरी खरं असणारच ना?" हे पत्र लिहिण्यास प्रवृत्त झालो तो या प्रश्नामुळे. आपली चौकट हे निमित्त आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या आमच्या प्राच्यविद्या मंदिरात वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तिचा पहिला खंड १९६० मध्ये आणि शेवटचा १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. देशाच्या निरनिराळ्या भागांतून, निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते मिळवून, श्लोकामागून श्लोक ताडून पाहण्याचे ते काम होते. अशा कामात हस्तलिखितांचे मतदान घेत नाहीत. वीस पोथ्यांत एखादा पाठ सारखा आढळला म्हणून तो खरा, असे संपादक मानत नाही. तो आधी पाहतो की या वीस पोथ्या एकाच पोथीवरून उतरवलेल्या तर नाहीत. आणि हे ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे चूक. बरोबर पाठ दोघांना स्वतंत्रपणे सापडू शकतो, परंतु तीच ओळ गाळण्याची, तेच अक्षर तसेच चुकवण्याची बुद्धी दोन लेखनिकांना स्वतंत्रपणे सहसा होत नाही. चूक सारखी असेल तर घराणे एक. मी नातवाला म्हटले की हे तुझे नऊ व्हिडिओ नऊ साक्षीदार नाहीत, एकाच साक्षीदाराचे नऊ प्रतिध्वनी आहेत, आणि तो मूळ साक्षीदार कोण हे त्यांतल्या एकालाही ठाऊक नाही. त्याला हे पटले. पटले याचे कारण माझे वक्तृत्व नसून वर्गात कॉपी पकडण्याची त्यांच्या शिक्षकांची पद्धतही नेमकी हीच आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर जुन्या पिढीचा एक कुरकुरणारा म्हातारा म्हणून माझे पत्र बाजूला ठेवले जाईल. या वाहिन्यांची आमच्या मुलांना गरज आहे, आणि ती पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा अधिक आहे. बडोद्यातील मराठी घरांतली मुले आज बहुतेक गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. घरी मराठी बोलतात, पण मराठीत इतिहास वाचण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नाही. मराठ्यांचा इतिहास त्यांना ज्या अंगाने भेटतो त्यात सुरतेची लूट आधी भेटते. १६६४ आणि १६७० या दोन्ही वेळच्या सुरतेच्या स्वाऱ्या शेजारच्या मुलाच्या घरी एका नावाने ओळखल्या जातात आणि आमच्या घरी दुसऱ्या नावाने. नातू मोबाईल उघडतो तेव्हा हीच दुफळी त्याला तेथेही दिसते. एका व्हिडिओत शिवाजी महाराज सुरतेला कोणाच्या केसालाही धक्का न लावता खजिना घेऊन परततात, दुसऱ्यात ते निव्वळ दरोडेखोर असतात. सुरतेच्या इंग्रज वखारीतील व्यापाऱ्यांची त्या वेळची पत्रे उपलब्ध आहेत. बर्नियर या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवलेली हकिकत आहे, तीत महाराजांनी एका कापुचिन पाद्र्याच्या घराला आणि डच कंपनीच्या एका दानशूर, दिवंगत हिंदू दलालाच्या घराला हात न लावल्याचे सांगितले आहे. ही साधने वाचली तर प्रसंग दोन्ही व्हिडिओंपेक्षा गुंतागुंतीचा, आणि म्हणून अधिक मानवी दिसतो. शहर जळालेही होते आणि काही घरे विचारपूर्वक राखलीही गेली होती. पण हे मराठीतून, आठ-दहा मिनिटांत, चौदा वर्षांच्या मुलाला कळेल अशा रीतीने सांगणारा कोणी असेल तर तो वाहिनीवालाच असणार, हेही मला मान्य आहे.

मग भरवसा कोणावर ठेवावा? मी दोन प्रसंग सांगतो.

गेल्या दिवाळीत आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर गायकवाडांच्या एका "गुप्त पत्रा"विषयीचा व्हिडिओ आला. खर्जातला आवाज, नगारे, मशालींची हलती चित्रे. आणि ऐन मोक्याच्या वाक्याला पडद्यावर चार-पाच सेकंद एक पिवळा पडलेला मोडी कागद. माझे वडील बडोदे संस्थानाच्या खानगी खात्यात कारकून होते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी आम्हा भावंडांना पाटीवर मोडी गिरवायला लावली होती. तेव्हा आम्ही त्यांच्यावर रागावलो होतो. त्या दिवशी मात्र मी नातवाला व्हिडिओ थांबवायला सांगितले, चित्र बोटांनी मोठे केले आणि भिंग घेऊन बसलो. कागदाचा वरचा भाग कापला गेला होता, पण मधल्या ओळी स्वच्छ होत्या. पूर्वेस कोणा पाटलाचे शेत, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस गाडीवाट, अशी चतुःसीमा त्यात लिहिलेली होती. ते शेतजमिनीचे खरेदीखत होते. खाली शेकडो लोकांनी अभिप्राय दिले होते आणि त्यांतील कित्येकांचा मथितार्थ एकच होता, की आता तर पुरावाच दाखवला, आता बोला! मी वाहिनीला सविस्तर कळवले. उत्तर आले की चित्र प्रातिनिधिक आहे. एका शेताची चतुःसीमा कोणत्या अर्थाने राजकीय कटाचे प्रतिनिधित्व करते, हे मला अजून उमगलेले नाही. मोडी वाचणारे आता फार थोडे उरले आहेत आणि आधी आडवी रेघ ओढून तिला टांगलेली ती सलग अक्षरे न वाचणाऱ्याला नेहमीच गूढ वाटतात. त्या अज्ञानाचा हा वापर आहे. कागद पडद्यावर दिसणे आणि कागदात ते लिहिलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे जरी मुलांच्या मनावर ठसले तरी अर्धे काम होईल. जो खरोखर कागदावरून बोलतो तो कागद कोणत्या दफ्तरातला, कोणत्या तारखेचा, छापला असेल तर कोठे, हे सांगतो, आणि पडद्यावर तो वाचता येईल इतका वेळ ठेवतो.

दुसरा प्रसंग अधिक अवघड आहे, कारण त्यात खोटेपणा कोणाचाच नाही आणि पुरावा म्हणून प्रत्यक्ष चलचित्रच आहे. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्लीला पंचम जॉर्ज बादशहाचा दरबार भरला. संस्थानिकांनी एकेक करून पुढे जाऊन मुजरा करायचा आणि सिंहासनाकडे पाठ न करता मागे सरायचे, अशी रीत घालून दिलेली होती. निजामानंतर दुसरा मान बडोद्याचा. सयाजीराव महाराज साध्या पांढऱ्या पोशाखात गेले, एकदाच वाकले आणि वळून पाठ करून चालते झाले. त्या दरबाराचे चित्रीकरण झाले होते आणि ती फीत आजही पाहता येते. इंग्लंडात मोठा गहजब झाला. आजच्या व्हिडिओंत हा प्रसंग मंद गतीने, ढोलताशांच्या गजरात, पुन्हा पुन्हा दाखवतात आणि सांगतात की महाराजांनी जाणूनबुजून बादशहाचा अपमान करून साम्राज्य हादरवले. मूळ फितीला आवाज नाही. ढोल आजचे आहेत आणि मंद गतीही आजचीच. सहज वळलेला माणूससुद्धा मंद गतीत ठरवून वळल्यासारखा दिसतो.

त्यानंतर जे घडले ते यांतील बहुतेक व्हिडिओंत नसते. महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना पत्र लिहिले. आपल्या आधी एकटे निजामच गेले असल्यामुळे रीत नीट न्याहाळता आली नाही, बादशहा आणि तो अफाट समुदाय यांच्यापुढे आपण गोंधळलो, अनादर करण्याचा हेतू नव्हता, असा त्या पत्राचा आशय होता आणि ते लंडनच्या वृत्तपत्रात छापूनही आले. आता हे पत्र हाती घेतले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. बडोद्याच्या नोकरीत १८९३ पासून १९०६ पर्यंत पुढे क्रांतिकारक म्हणून गाजलेले अरविंद घोष होते, महाराजांचे परदेशातील कोणाकोणाशी संबंध आहेत यावर इंग्रज सरकारची करडी नजर होती, आणि गादीवर आलेले संकट टाळण्यासाठी लिहिलेल्या पत्रात माणूस मनातले सगळे लिहील अशी अपेक्षा करता येत नाही. बडोद्याच्या गादीवरून मल्हारराव महाराजांना १८७५ मध्ये याच सरकारने खाली खेचले होते; ज्या मुलाला त्यानंतर दत्तक घेऊन त्या गादीवर बसवले, तोच हा राजा होता. सरकार काय करू शकते हे त्याला दुसऱ्या कोणी सांगण्याची गरज नव्हती.

तेव्हा फीत सांगते ते एवढेच की महाराज एकदा वाकले आणि वळले. पत्र सांगते की महाराज त्याचे कारण काय देतात. मनात काय होते हे दोन्हींत नाही. माझे स्वतःचे म्हणाल तर तो अपमान हेतुपुरस्सर असावा असे मला मनापासून वाटते. लहानपणी आमच्या आजीने ती गोष्ट तशीच सांगितली होती आणि सांगताना ती स्वतः पदर सावरून, पाठ फिरवून दाखवायची. परंतु माझे वाटणे हे साधन नव्हे आणि आजीचे वाटणेही नव्हे. जो वाहिनीवाला फीत दाखवून पत्र लपवतो तो खोटे बोलत नाही, अर्धे बोलतो. आणि मुलांना खोटे ओळखायला शिकवणे त्या मानाने सोपे आहे, अर्धे ओळखायला शिकवणे कठीण. मी नातवाला एक सवय लावली आहे. व्हिडिओ संपला की त्याने विचारायचे, "मग पुढे काय झाले? समोरच्या बाजूने काय लिहिले?" याचे उत्तर व्हिडिओत नसेल तर व्हिडिओ संपलेला नाही असे समजायचे.

पानिपताबाबत त्याने हाच प्रश्न माझ्यावर उलटवला. १४ जानेवारी १७६१ च्या त्या लढाईचे हलते नकाशे हल्ली फार सुंदर करतात. निळे बाण, हिरवे बाण, घड्याळाचे काटे. अशा एका नकाशात इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींजवळचा एक बाण रोहिल्यांवर धावतो, मोडतो आणि त्यामुळे सगळा गोल, म्हणजे सैन्याची बांधलेली रचना, फुटतो; त्या बाणावर नाव होते दमाजी गायकवाड. "आजोबा, म्हणजे आपल्या बडोद्यावाल्यांमुळे हरलो का?" विंचूरकर आणि गायकवाड यांची पथके अवेळी पुढे धावली ही गोष्ट बखरीच्या आधारे अनेकांनी लिहिली आहे, तेव्हा ती उडवून लावता येत नाही. पण बखर लढाईनंतरची. ज्याच्या फार्सी हकिकतीवर सगळ्यांची भिस्त आहे तो काशीराज पंडित जातीचा मराठी असला तरी त्या दिवशी शुजाउद्दौल्याच्या चाकरीत, म्हणजे पलीकडच्या छावणीत होता. धुळीने आणि धुराने भरलेल्या त्या मैदानात कोणत्या घटकेला कोणते पथक नेमके किती पुढे सरकले, हे बाणाच्या टोकाइतक्या नेमकेपणाने सांगण्याची सोय कोणालाच नव्हती. लेखक "बहुधा" असे लिहू शकतो. बाणाला बहुधा म्हणता येत नाही. एका मुलाने बनवलेल्या नकाशात अशा शंकास्पद हालचाली तुटक रेघांनी दाखवलेल्या मी पाहिल्या आणि मनात त्याला शाबासकी दिली. हा उपाय इतका साधा आहे की बाकीच्यांना तो का सुचू नये याचे नवल वाटते.

यंत्राने लिहिलेल्या आणि यंत्रानेच वाचलेल्या व्हिडिओंबद्दल फार लिहीत नाही. एकात आमच्या खंडेराव मार्केटचे चित्र दाखवून हे खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडले असे सांगितले होते. कुंभेरीला पडले ते अहिल्याबाईंचे यजमान, खंडेराव होळकर. मार्केट ज्यांच्या स्मरणार्थ आहे ते खंडेराव गायकवाड १८७० पर्यंत राज्य करीत होते. दुसऱ्या एकात सयाजीरावांच्या डोक्यावर गायकवाडी पगडीऐवजी कोल्हापुरी फेटा होता. हे हसून सोडून देता येते, कारण बडोद्याचा कोणीही माणूस ते एका नजरेत ओळखतो. लक्ष्मीविलासाचा आराखडा करणाऱ्या मेजर मँटने, इमारत कोसळेल या भीतीने जीव दिला, ही कथाही अशीच पुनःपुन्हा ऐकू येते; मँट १८८१ मध्ये वारला, रॉबर्ट चिझम याने काम पुढे नेले आणि १८९० मध्ये राजवाडा पुरा झाला, एवढ्यावर मी थांबतो.

पुस्तकांत चुका नसतात असे माझे म्हणणे नाही. आमच्या लहानपणी घरातल्या जुन्या पुस्तकांत शिवजन्माचे वर्ष १६२७ असे असे. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी तिथी निघाली, परमानंद कवीच्या शिवभारत या संस्कृत काव्यानेही तिला दुजोरा दिला, आणि पुढे कित्येक वर्षे विद्वानांत वाद होऊन ती बहुतेकांनी स्वीकारली. बडोद्यालाच सयाजीरावांच्या सेवेत १८८९ पासून १९२५ पर्यंत काढलेल्या रियासतकार सरदेसाईंनी पुढे पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले आणि त्या नव्या साधनांच्या उजेडात आपल्याच 'मराठी रियासत' या इतिहासग्रंथात फेरफार केले. पुस्तकातली चूक कोणी, कधी आणि कशाच्या आधारे दुरुस्त केली याचा माग राहतो. जुनी आवृत्ती कपाटात असते, नवी शेजारी ठेवता येते. व्हिडिओची मात्र नवी आवृत्ती निघत नाही. चुकीचा व्हिडिओ तसाच फिरत राहतो, नाहीतर एका रात्रीत गुपचूप नाहीसा होतो आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना ते कळतही नाही.

म्हणूनच दुरुस्ती उघडपणे करणारी एखादी वाहिनी भेटली की मला ती शंभरांत उठून दिसते. आमच्या नातवाला मी ज्या एका वाहिनीची शिफारस केली आहे तिचे नाव येथे देत नाही, ती जाहिरात होईल. एक तरुण मोटारसायकलवर कॅमेरा घेऊन फिरतो. त्याचा डभोईच्या लढाईवरचा व्हिडिओ आम्ही दोघांनी पाहिला. १ एप्रिल १७३१ रोजी बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची गाठ पडली, दाभाडे पडले. पिलाजीराव गायकवाड त्या दिवशी दाभाड्यांच्या बाजूने लढले होते. मराठ्यांची मराठ्यांशी झालेली ही लढाई असल्यामुळे गौरवाच्या व्हिडिओंत तिला सहसा जागा मिळत नाही. हा मुलगा भिलापूर-डभोईकडच्या कपाशीच्या शेतात उभा राहून म्हणतो की लढाई नेमकी याच शेतात झाली असे मी म्हणणार नाही, या परिसरात झाली एवढेच पुस्तकात आहे. आणि पुस्तकाचे पान कॅमेऱ्यापुढे धरतो. त्याच्याकडून एक चूक झाली होती. पिलाजीराव डभोईलाच मारले गेले असे तो बोलून गेला. कोणीतरी त्याला कळवले की पिलाजीराव तेथून निभावले आणि १७३२ मध्ये डाकोर येथे, गुजरातचा सुभेदार असलेल्या जोधपूरच्या अभयसिंगाच्या माणसांकडून मारले गेले. त्याने चूक कबूल करून ती दुरुस्ती व्हिडिओखाली सर्वांत वर लावून ठेवली आहे, कोणी दाखवून दिली त्याच्या आभारांसह. हा व्हिडिओ पाहणाऱ्यांची संख्या दोन-अडीच हजार. खरेदीखताचा तो "गुप्त पत्र" व्हिडिओ काही लाख लोकांनी पाहिलेला आहे.

ही तफावत वाचकांच्या पत्राने बुजणार नाही, हे मला कळते. तरी वृत्तपत्राच्या हाती एक गोष्ट आहे. आपल्या पुरवणीत आठवड्याला एक छोटी जागा अशी राखता येईल, जेथे वाचकांनी व्हिडिओत ऐकलेले एक विधान पाठवावे आणि इतिहासाच्या जाणकाराने, गरज पडल्यास मोडी वा फार्सी वाचणाऱ्याच्या मदतीने, ते कोठून आले याचा माग काढून द्यावा. खरे की खोटे असा शिक्का मारण्यापेक्षा माग काढणे अधिक उपयोगाचे, कारण शिक्का मारणाऱ्यावरही मुलांनी पुन्हा विश्वासच ठेवायचा असतो. मोडी वाचण्याचे काम पडले तर मी विनामूल्य करीन. डोळे अजून शाबूत आहेत आणि भिंग आहेच.

तूर्त मात्र लक्ष्मीविलासाची चौकट. येत्या रविवारी तिची दुरुस्ती त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावी, अशी विनंती आहे. ७०० गुणिले ४३,५६० हा गुणाकार आमच्या नातवाने स्वतःच्या हाताने मांडून दिला आहे, तो कागद सोबत जोडला आहे. त्याने खाली पेन्सिलीने राजवाड्याचे आवारही काढले आहे आणि त्यात मोर घातले आहेत. ते छापले नाही तरी चालेल.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक
दांडिया बाजार, वडोदरा